एका बातमीनं सफरचंदाचा बाजार पाडला : अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स'ची गोष्ट

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर रविवारी संध्याकाळी घड्याळाची टिकटिक सुरू झाली की लोक ओळखतात, 'सिक्स्टी मिनिट्स' लागलं. गाणं नाही, बँडबाजा नाही, नुसती टिकटिक. २४ सप्टेंबर १९६८ ला सुरू झालेला हा कार्यक्रम आजही चालू आहे.

डॉन हेविट या निर्मात्याची कल्पना साधी होती. मासिकात जसे वेगवेगळे लेख असतात, तशा तासाभरात दोन-तीनच बातम्या द्यायच्या, पण मुळापर्यंत जाऊन. सुरुवातीला कोण बघत नव्हतं. १९७५ ला रविवार संध्याकाळची वेळ पक्की झाली आणि १९७९-८० ला हा बातम्यांचा कार्यक्रम सगळ्या मालिकांना मागं टाकून देशात पहिला आला. माईक वॉलेसचा फोन आला की भल्याभल्यांना घाम फुटायचा म्हणतात.

आता आपल्या कामाचं. फळ गळू नये, रंग चांगला यावा, माल टिकावा म्हणून तिकडं सफरचंदावर 'अलार' नावाचं औषध फवारायचे. फेब्रुवारी १९८९ मध्ये या कार्यक्रमानं दाखवलं, की त्यातून लहान मुलांना कॅन्सरचा धोका आहे. झालं! शाळांनी डब्यातून सफरचंद काढलं, भाव कोसळले. ज्यांनी अलार कधी हातात धरलं नव्हतं, त्यांचाही माल पडून राहिला. गिऱ्हाईक काय बाग बघून घेतं होय? त्याच वर्षी कंपनीनं औषध बाजारातून काढून घेतलं. वॉशिंग्टन राज्यातले बागायतदार कोर्टात गेले, पण बातमी खोटी आहे हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. १९९५ ला अपीलही फेटाळलं गेलं. धोका किती मोठा होता, यावर अजून वाद घालतात.

२०२० ला कोंबडीतून कोरोना होतो या अफवेनं आपल्या पोल्ट्रीवाल्यांचं वाटोळं झालं. ती मोबाईलवरची, बिनमालकाची अफवा, दावा कुणावर लावणार? तिकडं निदान बातमीला नाव-गाव होतं.

या कार्यक्रमाला फुटवेही फुटले. १९७९ ला ऑस्ट्रेलियात त्याच नावानं सुरू झाला, तो अजून जोरात आहे. अमेरिकेतच १९९९ ला 'सिक्स्टी मिनिट्स टू' आला. एप्रिल २००४ मध्ये त्यानं इराकच्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाचे फोटो दाखवले. जग हादरलं. त्याच साली सप्टेंबरात, निवडणुकीच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या तरुणपणच्या लष्करी नोकरीबद्दलचे कागद दाखवले. ते कागद खरे असल्याचं वाहिनीला शाबित करता आलं नाही. चौकशी बसली, एका निर्मातीला काढलं, तिघा वरिष्ठांना राजीनामे द्यायला सांगितलं. डॅन रादर या नावाजलेल्या पत्रकारानं पडद्यावर माफी मागितली. २००५ ला तो फुटवा बंद पडला. पाच महिन्यांपूर्वीचे ते फोटो मात्र खरेच होते.