बेस वाढवा, पण शब्द बुडवू नका : जयंतीच्या मंचासाठी बेस अ‍ॅम्पची ओळख



जयंतीचा महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांत तालमी सुरू होतात. कुठे विहाराच्या मागच्या खोलीत, कुठे समाजमंदिरात, तर कुठे कुणाच्या गच्चीवर. ढोलकी, हार्मोनियम, बँजो, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड ही आपल्या गायन पार्टीची नेहमीची वाद्ये. त्यांच्या जोडीला आता काही ठिकाणी बेस गिटारही आली आहे. आम्ही ती वाजवणारी मंडळी. आम्ही एकत्र जमलो की गप्पा फिरून फिरून अ‍ॅम्पवर येतात. कुणाचा किती वॅटचा, कुणाला जुना कितीत मिळाला, कुणाचा स्पीकर फाटला. हौस तर आहेच. पण या गप्पांतून आणि स्वतःच्या चुकांतून जे कळले, ते नव्याने बेस हातात घेणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेख.

एक चूक आधीच सांगतो. एका जयंतीला आम्ही भाड्याने मोठा अ‍ॅम्प आणला आणि आवाज मनसोक्त वाढवला. छातीत धडधडत होते, पोरे नाचत होती, आम्ही खूश. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आम्हाला जवळ बोलावले. म्हणाल्या, "पोरांनो, वाजवलं झ्याक. पण गाण्यात बाबासाहेबांचं काय सांगितलं ते काय कळलं न्हाई." आमच्याकडे उत्तर नव्हते. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंत आपले गाणे शब्दांसाठी उभे राहिले. ते शब्दच आमच्या अ‍ॅम्पखाली गाडले गेले होते.

शब्द का बुडतात?

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. हा आपल्या भाषेत खर्ज. माणसाच्या बोलण्यातली क, च, त, स यांसारखी व्यंजने ओळखण्यासाठी कानाला लागणारा आवाज यापेक्षा खूप वरचा, हजारो हर्ट्झचा असतो. मग खालचा आवाज वरच्याला कसा झाकतो?

कानाची रचनाच तशी आहे. मोठा खालचा आवाज आपल्यापेक्षा वरच्या आवाजांना झाकतो. उलट दिशेने हे फार कमी घडते. म्हणून बासरीने ढोलकी बुडत नाही, पण बेसने गायक बुडतो. त्यातही सर्वाधिक गोंधळ १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात होतो. बेसचा गुबगुबीतपणा तिथेच असतो, हार्मोनियमचा आणि पुरुष गायकाच्या आवाजाचा भरावही तिथेच. उपाय सोपा आहे. अ‍ॅम्पवरच्या 'लो-मिड'च्या बटणाने हा पट्टा थोडा कमी करा. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज पातळ वाटेल, पण पार्टीत बसल्यावर बेस वेगळा ऐकू येईल आणि गायकाला वाट मिळेल.

हा डबा आला कुठून?

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बेस ही गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी 'बेसमन' नावाचा अ‍ॅम्प. गंमत म्हणजे हा अ‍ॅम्प बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांना जास्त आवडला. लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जो पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, त्याचा आराखडा बेसमनवरूनच घेतलेला होता.

खास बेससाठी ज्याचे नाव आजही घेतले जाते तो अँपेग. त्यांचा 'बी-१५' हा व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प १९६० साली आला. १९६९ साली त्यांनी 'एसव्हीटी' आणला. ३०० वॅट आणि दहा इंची आठ स्पीकरचे कपाट. मैदानातल्या कार्यक्रमांसाठी तो बनवला होता आणि तो उचलायला चार माणसे लागत. आता क्लास-डी प्रकारचे अ‍ॅम्प आले आहेत. दोन-तीन किलोचा, दप्तरात मावणारा डबा ५०० वॅट देतो. लोकलने आणि एसटीने कार्यक्रमाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा बदल फार मोठा आहे.

या इतिहासात आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय बेसवादक जेम्स जेमर्सन. मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांमधला बेस त्याचा. क्लबमध्ये तो बी-१५ वापरी, तर स्टुडिओत त्याची गिटार बहुतेक वेळा थेट मिक्सिंगच्या टेबलाला जोडली जाई. जग त्या गाण्यांवर नाचत होते, पण अनेक वर्षे त्या रेकॉर्डवर वादकांची नावेच छापली जात नव्हती. १९७१ सालच्या मार्विन गे यांच्या अल्बमवर जेमर्सनचे नाव आले. आपल्या किती कॅसेटवर ढोलकीवाल्याचे आणि बँजोवाल्याचे नाव होते, हे आठवून पाहा. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. ते नाते संगीतातही आहे. पाया घालणाऱ्याचे नाव पुसले जाणे हा दोघांचा सारखा अनुभव आहे.

वॅटचा भ्रम

नवीन मुलांचा पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा घेऊ?" वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो, असा समज आहे. तसे होत नाही. १०० चे २०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला थोडासा फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणून १०० वरून १५० वॅटवर जाण्यासाठी कुणी कर्ज काढू नये.

स्पीकर किती संवेदनशील आहे हे वॅटइतकेच महत्त्वाचे. एका स्पीकरवर ९७ डेसिबल आणि दुसऱ्यावर १०० डेसिबल लिहिले असेल, तर दुसरा तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. बहुतेक जण हा आकडा वाचतच नाहीत.

आमचा अंदाज असा. घरच्या सरावाला २० ते ३० वॅट भरपूर. ढोलकी आणि ऑक्टोपॅडसोबत विहारात तालीम असेल तर १०० वॅट पुरतात. ड्रमसेट असेल आणि बेससाठी वेगळी साउंड सिस्टीम नसेल, तर २०० ते ३०० हवेत. जयंतीच्या मोठ्या मंचावर लोकांना आवाज साउंडवाल्याच्या सिस्टीममधून जातो. तिथे तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला ऐकू येण्यासाठी असतो, त्यामुळे १०० वॅटही चालतात.

आणखी एक गोष्ट. बेस गिटार साध्या गिटारच्या अ‍ॅम्पला लावून जोरात वाजवू नका. त्या स्पीकरचा पडदा खर्जासाठी बनलेला नसतो, तो फाटतो. मात्र बेसच्या अ‍ॅम्पवर कीबोर्ड लावायला हरकत नाही.

ओहम आणि वायर

अ‍ॅम्पच्या मागे 'किमान ४ ओहम' असे लिहिलेले असते. ८ ओहमचे एक कपाट जोडले तर भार ८. तशीच दोन समांतर जोडली तर भार ४, म्हणजे अगदी सीमेवर. तिसरे जोडले की तो २.७ च्या आसपास येतो आणि अ‍ॅम्प तापून बंद पडतो किंवा जळतो. "एक डबा अजून लाव रे" असे कुणी म्हणाले तर आधी हा हिशेब करा.

व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प हाती लागला तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या आणि क्लास-डीच्या अ‍ॅम्पला हा धोका नसतो.

गिटारची वायर आणि स्पीकरची वायर बाहेरून सारख्या दिसतात, पण आतून वेगळ्या असतात. गिटारच्या वायरीत एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. स्पीकरच्या वायरीत दोन जाड तारा असतात. गिटारची वायर स्पीकरला लावली तर ती गरम होते आणि अ‍ॅम्पलाही धोका होतो. दोन्हींवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून ठेवा.

मंचावर काय करावे?

आपले मंच बहुधा फळ्यांचे आणि खाली पोकळ असतात. अ‍ॅम्प थेट त्यावर ठेवला की सगळा मंच ढोलासारखा घुमतो. अ‍ॅम्प खुर्चीवर, मजबूत क्रेटवर किंवा जाड फोमवर ठेवा आणि थोडा मागे कलवा. आवाज पोटऱ्यांऐवजी कानाकडे येतो, आणि मग तो वाढवायची गरजच कमी होते. खोलीत तालीम असेल तर अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा खर्ज फुगवतो.

साउंडवाल्याला बेस देताना अ‍ॅम्पच्या मागचे डीआय वापरा किंवा वेगळा डीआय बॉक्स जवळ ठेवा. शक्य असेल तर 'प्री'वर ठेवा, म्हणजे तुम्ही मंचावर बटणे फिरवली तरी लोकांकडे जाणारा आवाज बदलत नाही. गुणगुण येत असेल तर डीआयवरचे 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबून पाहा.

शॉकचा प्रश्न

हा भाग कृपया वगळू नका. गुणगुण घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायची किंवा वायर तोडायची, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तो जिवावर बेतू शकतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या. एकीकडचे अर्थिंग खराब असेल आणि गाताना ओठ माइकला लागले, तर वीज ओठांतून हातात जाते. ग्राउंड लिफ्टचे बटण फक्त सिग्नलच्या वायरीतली जाळी तोडते, विजेचे अर्थिंग तसेच राहते. म्हणून ते बटण सुरक्षित आहे आणि पिन तोडणे नाही.

मंचावरचा सगळा पुरवठा शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्या. पुरवठ्यावर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवायला इलेक्ट्रिशियनला सांगा. तालीम सुरू करण्याआधी माइकची जाळी आणि गिटारच्या तारा टेस्टरने तपासा. आपल्या पोरांचा जीव कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठा आहे.

कान आणि कायदा

अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटे. मंचावर १०० डेसिबल सहज होतात. गेलेले ऐकू येणे परत मिळत नाही. फोमचे इअरप्लग थोड्या पैशांत मिळतात. ते वापरण्यात कमीपणा नाही.

ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. आपल्या जिल्ह्यात ते दिवस कोणते, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा आणि परवानगीची प्रत मंचावर ठेवा. आपल्या कार्यक्रमावर बोट ठेवायला कारण शोधणारे असतातच. त्यांना ते आपल्या हाताने देऊ नये. शिवाय ज्या वस्तीसाठी आपण गातो, तिच्यातच तान्ही बाळे, आजारी म्हातारी माणसे आणि परीक्षेला बसलेली पोरे असतात.

एकाने घ्यावा, की सगळ्यांनी?

प्रत्येकाने स्वतःचा मोठा अ‍ॅम्प घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. घरी छोटा सरावाचा अ‍ॅम्प किंवा हेडफोन पुरतो. मोठा एकच घ्या, वर्गणीतून, मंडळाच्या नावावर, आणि विहारात ठेवा. जुना घेताना अर्धा तास चालू ठेवून ऐका, सगळी बटणे फिरवून खरखर येते का पाहा, स्पीकरच्या कडा तपासा. एक वही ठेवा, त्यात कुणी कधी नेला आणि काय बिघडले ते लिहा. आणि वस्तीतल्या मुलींना त्यावर हात चालवू द्या. वायर गुंडाळायला मुली आणि वाजवायला मुले, असे आपल्या विहारात तरी होऊ नये.

त्या आजींच्या बोलण्यानंतर आम्ही एक नियम केला आहे. कार्यक्रमाआधी आमच्यातला एक जण मंच सोडून शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गायक एक कडवे गातो. शेवटच्या रांगेत प्रत्येक शब्द कळला तर बेस आहे तिथेच ठेवतो. नाही कळला तर खाली घेतो. पुढच्या जयंतीला आजी पुन्हा पुढच्याच रांगेत होत्या. या वेळी त्या गाण्यासोबत ओठ हलवत होत्या. बेस किती असावा, याचे माप आम्हाला तिथे मिळाले.

तुमच्या वस्तीतही कार्यक्रमाआधी एकदा शेवटच्या रांगेत जाऊन ऐका.

जय भीम, नमो बुद्धाय.