२४ बिट : खोक्यावरचे आणि खरे

ऑडिओ कन्व्हर्टर निवडताना खोक्यावरच्या ‘२४ बिट’वर भुलू नका. दर बिटामागे साधारण ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. म्हणजे सीडीच्या १६ बिटांना सुमारे ९६ आणि २४ बिटांना कागदावर १४४ डेसिबल. प्रत्यक्षात सर्किटमधली खरखर खालचे बिट गिळून टाकते. १२० डेसिबल देणारी चिप उत्तमच, पण तिचे खरे बिट जेमतेम वीस! म्हणून डेटाशीटमध्ये आधी ‘डायनॅमिक रेंज’ आणि ‘टीएचडी प्लस एन’ पाहा. शेजारी ‘ए-वेटेड’ लिहिलं असेल, तर रेंजचा आकडा दोनेक डेसिबलनं फुगलेला असतो.

तरीही रेकॉर्डिंग २४ बिटांवरच करावं. लेव्हल १२ डेसिबल खाली ठेवली, तरी तानपुऱ्याची विरत जाणारी आस शेवटपर्यंत नीट पकडता येते, आणि गायकानं अचानक तार सप्तक गाठलं तरी आवाज फाटत नाही.

सॅम्पलिंगला ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहेत. १९२चा हट्ट धरण्यापेक्षा तेच पैसे स्थिर क्लॉक आणि स्वच्छ पॉवर सप्लायवर घाला.