आज्ञावल्यांचे वर्गीकरण, गृहसंगणकावरील

घरगुती वापराच्या संगणकावर स्थापित केलेल्या आज्ञावल्यांची म्हणजे प्रोग्रॅमांची, त्या हव्या तेव्हा सापडाव्यात या हेतूने, कामाच्या स्वरूपानुसार गटागटांनी केलेली मांडणी. लेखन, हिशेब, चित्रे व छायाचित्रे, संगीत, शिक्षण, खेळ आणि संगणकाची देखभाल हे अशा मांडणीतील नेहमीचे गट होत. कार्यालयातील संगणकावर बहुधा ठराविक माणूस ठराविक काम करतो. घरातील संगणक मात्र शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत अनेकांच्या हाताखालून जातो आणि त्यावर आज्ञावली स्थापित करणारी व्यक्ती व ती वापरणारी व्यक्ती पुष्कळदा निराळी असते. ज्याला आज्ञावलीचे नाव माहीत आहे, त्याला ती नावावरून शोधता येते. ज्याला केवळ करावयाचे काम माहीत आहे, त्याला मुख्यतः वर्गवार मांडणीचाच आधार असतो. आपल्या संगणकावर काय काय करता येते, या प्रश्नाचे उत्तरही अशाच मांडणीतून मिळते.

तत्त्व : स्थापित केलेली आज्ञावली ही एकसंध वस्तू नसते. मुख्य फाइलीखेरीज तिच्या साहाय्यक फाइली, मदतीचा मजकूर व वापरणाऱ्याने ठरविलेल्या बाबी निरनिराळ्या ठिकाणी साठविलेल्या असतात आणि त्या ठिकाणांची नोंद परिचालन प्रणालीपाशी असते. विंडोज प्रणालीत यासाठी रजिस्ट्री नावाचा स्वतंत्र नोंदसंग्रह आहे. अशा स्थितीत आज्ञावलीच्या मूळ फाइली उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवल्यास ती आज्ञावली बहुधा चालेनाशी होते. म्हणून वर्गीकरण करावयाचे ते मूळ फाइलींचे नव्हे, तर त्यांच्याकडे निर्देश करणाऱ्या छोट्या नोंदींचे होय. ग्रंथालयात ग्रंथ फडताळात आपल्या जागी असतो व तालिकेतील पत्रे लेखक, शीर्षक आणि विषय अशा वेगवेगळ्या वाटांनी त्याच्याकडे नेतात. तसाच हा प्रकार आहे. एकाच आज्ञावलीच्या अनेक नोंदी ठेवता येतात. नोंद पुसल्याने आज्ञावली नाहीशी होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते आणि हार्ड डिस्कवरील जागा व्यापून राहते.

वर्गीकरणाचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात वर्ग, उपवर्ग अशी वृक्षाकार रचना असते व प्रत्येक नोंदीला एकच स्थान मिळते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नोंदीला तिचे गुणविशेष जोडले जातात आणि त्यांवरून सूची तयार होते. त्यामुळे एकच आज्ञावली अनेक वर्गांत दिसू शकते. मुलांना नकाशावरून भूगोल शिकविणारा खेळ ‘शिक्षण’ या गटात ठेवावा की ‘खेळ’ या गटात, हा पेच पहिल्या प्रकारात उद्भवतो. दुसऱ्यात उद्भवत नाही. ग्रंथालयशास्त्रातही हा प्रश्न जुना आहे. मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांच्या १८७६ मधील दशांश वर्गीकरणात विषयांची स्थाने मुख्यतः आधीच नेमून दिलेली आहेत, तर शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू अलग करून त्यांच्या जोडणीतून वर्गांक सिद्ध केला जातो.

इतिहास : १९८२ साली बाजारात आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ या गृहसंगणकांवर आज्ञावल्या प्रामुख्याने ध्वनिफितींवरून चढविल्या जात. संगणकात त्या कायमच्या राहत नसत. त्यामुळे वर्गीकरण म्हणजे कॅसेटी खणात लावून ठेवणे आणि कोणती आज्ञावली फितीवर कोठे सुरू होते, तो आकडा वेष्टनावर लिहिणे एवढेच होते. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी/एक्सटी या संगणकात १० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क आली व त्याच वर्षीच्या एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय झाली. अनेक आज्ञावल्या एकाच यंत्रात कायम वस्तीला आल्या, तेव्हाच त्या शोधण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण झाला. हौशी वापरणारे त्या काळी आज्ञांची छोटी फाइल लिहून पडद्यावर क्रमांकांची यादी आणीत. क्रमांक दाबला की संबंधित आज्ञावली सुरू होई.

१९९० मधील विंडोज ३.० या प्रणालीत प्रोग्रॅम मॅनेजर हा घटक होता. त्यात प्रत्येक गटाची स्वतंत्र चौकट असे व चौकटीत आज्ञावल्यांची चिन्हे मांडता येत. गटात उपगट करता येत नसे. १९९२ मधील विंडोज ३.१ मध्ये गटांची संख्या ४० पर्यंत व एका गटातील चिन्हांची संख्या ५० पर्यंत मर्यादित होती. विंडोज ३.० स्थापित होताना संगणकावरील आज्ञावल्या शोधून विंडोजच्या आणि विंडोजेतर अशा दोन गटांत घातल्या जात. ही विभागणी यंत्राच्या दृष्टीने योग्य असली, तरी पत्र लिहावयास बसलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता.

विंडोज ९५ (१९९५) पासून स्टार्ट मेन्यू आला. त्यातील सूची म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर असून त्यात शॉर्टकट या नावाच्या निर्देशक नोंदी असतात. उपफोल्डर करून वापरणाऱ्याला हवी तशी वृक्षाकार रचना करता येऊ लागली. तथापि बहुसंख्य उत्पादक आज्ञावली स्थापित होतानाच स्वतःच्या नावाचा फोल्डर त्यात निर्माण करीत आणि त्यात आज्ञावलीबरोबर मदत, सूचनापत्रक व आज्ञावली काढून टाकण्याची सोय यांच्याही नोंदी घालीत. परिणामी सूची कामानुसार न राहता उत्पादकांच्या नावांनुसार वाढत गेली. छायाचित्रे दुरुस्त करण्याचे साधन ‘चित्रे’ या गटात न सापडता, ज्या कंपनीचे नाव घरात कोणाला आठवत नाही, त्या नावाखाली पडून राही.

पुढे प्रणालीकर्त्यांनी वर्गवारीऐवजी शोधावर भर दिला. २००७ मध्ये घरगुती ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये स्टार्ट मेन्यूतच शोधाची चौकट आली. विंडोज ८ (२०१२) मध्ये हा मेन्यू जाऊन त्याजागी चौकोनी फरश्यांसारख्या चिन्हांचा पूर्ण पडदा आला, तर विंडोज १० (२०१५) मध्ये मेन्यू परत आला. मात्र त्यातील यादी वर्णानुक्रमी होती व उपफोल्डरांची खोल रचना तीत दिसत नसे. ॲपलच्या संगणकांवर सिस्टिम ७ (१९९१) पासून ॲपल मेन्यूमध्ये आपल्या पसंतीच्या नोंदी ठेवता येत. २०११ मध्ये लाँचपॅड हा चिन्हांचा पडदा आला व त्यावर स्वतःचे गट करता येऊ लागले. २०२५ मधील मॅकओएस टाहो या आवृत्तीत लाँचपॅड काढून टाकण्यात आला. त्याजागी आलेल्या सूचीत वर्ग प्रणालीच ठरविते. वापरणाऱ्यांनी पूर्वी केलेले गट तीत आले नाहीत.

मुक्त प्रणालींवरील पद्धती : लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत फ्रीडेस्कटॉप या उपक्रमाने (स्थापना २०००) घालून दिलेले संकेत सामान्यतः पाळले जातात. प्रत्येक आज्ञावलीसोबत एक छोटी नोंद-फाइल येते. तीत आज्ञावलीचे नाव, ती करीत असलेल्या कामाचे सर्वसाधारण नाव, थोडक्यात वर्णन, शोधासाठी उपयोगी शब्द आणि वर्ग लिहिलेले असतात. दृक्-श्राव्य, विकसन, शिक्षण, खेळ, चित्रालेखन, जालक, कार्यालय, विज्ञान, सुयोजन, प्रणाली व उपयुक्त साधने हे त्यांतील प्रमुख वर्ग होत. एका नोंदीत अनेक वर्ग देता येतात. मेन्यू या नोंदींवरून तयार होतो. वापरणाऱ्याने त्याच नावाची फाइल स्वतःच्या फोल्डरात ठेवल्यास मूळ नोंदीऐवजी ती ग्राह्य धरली जाते. अशा रीतीने एकाच संगणकावर घरातील प्रत्येक व्यक्तीला, इतरांची मांडणी न विस्कटता, आपली निराळी मांडणी करता येते.

या पद्धतीत नोंदीतील मजकूर अनेक भाषांत देण्याची सोय असून मराठीचाही तीत अंतर्भाव आहे. नोम व केडीई या मुक्त कार्यपटांची मराठी भाषांतरे झालेली आहेत. शेकडो आज्ञावल्यांची नावे बहुधा इंग्रजीच राहतात. परंतु मोजक्या वर्गनामांचे भाषांतर झाले, तरी इंग्रजी न जाणणाऱ्याला इच्छित साधनापर्यंत पोहोचण्याची वाट मिळते. वर्णानुक्रमी यादीत ही सोय होत नाही, कारण रोमन लिपीतील व देवनागरी लिपीतील नावे दोन वेगळ्या क्रमांत विभागली जातात. नावावरून शोध घेतानाही नाव ज्या लिपीत आहे, त्याच लिपीत बहुधा ते टंकावे लागते.

घरगुती मांडणी : वर्ग किती असावेत, यास ठाम नियम नाही. डी. पी. मिलर यांनी १९८१ मध्ये ६४ शब्दांच्या सूचीची एक, दोन, तीन व सहा पातळ्यांत विभागणी करून शोधास लागणारा वेळ मोजला, तेव्हा प्रत्येकी आठ पर्यायांच्या दोन पातळ्यांची रचना सर्वांत जलद ठरली. घरगुती संगणकावरील आज्ञावल्यांची संख्या लक्षात घेता सहा ते दहा वर्ग आणि फार तर एक उपपातळी पुरेशी होते. वर्गांची नावे घरातील सर्वांना कळतील अशी व कामाची वाचक असावीत. रोजच्या उपयोगाच्या चार-पाच आज्ञावल्या वर्गांबाहेर, समोर ठेवणे सोयीचे असते. ‘इतर’ हा वर्ग टाळता येत नाही. मात्र तो इतर वर्गांहून मोठा होऊ लागला, तर वर्गांची आखणी चुकली आहे असे समजावे.

विंडोजमध्ये मेन्यूच्या नोंदी दोन फोल्डरांत असतात : एक सर्व वापरणाऱ्यांसाठी व दुसरा त्या त्या व्यक्तीसाठी. पडद्यावर दोन्ही एकत्र दिसत असल्याने एकातून पुसलेली नोंद दुसऱ्यातून दिसत राहू शकते. नोंद दुसऱ्या वर्गात हलविल्यानंतर आज्ञावलीची नवी आवृत्ती स्थापित केली, की मूळ जागी पुन्हा नवी नोंद उमटण्याचा संभव असतो. याउलट आज्ञावली काढून टाकल्यावर हलविलेली नोंद मागे उरते व तिच्यावरून काहीच उघडत नाही. यास्तव मांडणी अधूनमधून तपासावी लागते.

स्वयंचलित वर्गीकरणाने ही मेहनत वाचते. भ्रमणध्वनीवरील आयओएस १४ (२०२०) पासून व त्यानंतर गृहसंगणकांवरही ही पद्धती रूढ होत गेली. तीत वर्ग ठरविताना आज्ञावलीच्या निर्मात्याने दिलेली माहिती आधाराला घेतली जाते. एखादी आज्ञावली एखाद्या घरात कशासाठी वापरली जाते, हे मात्र तीत असू शकत नाही. आकडेमोडीच्या तक्त्यांची आज्ञावली यंत्राच्या लेखी कार्यालयीन असते. घरात ती दूध व किराण्याच्या हिशेबासाठी असते. ही दुसरी माहिती केवळ वापरणाऱ्यापाशी असल्याने, त्याला वर्ग बदलण्याची मुभा ठेवणारी प्रणालीच घरगुती वापरास अधिक सोयीची ठरते.