बोटांवरचे सरी-वरंबे

काचेचा एक साधा पेला घ्या आणि पाण्याने भरा. आता बोटं जराशी ओली करून पेला घट्ट धरा आणि वरून, पाण्यातून, पेल्याच्या भिंतीकडे तिरकं बघा. भिंतीचा चक्क आरसा झालेला दिसेल आणि बोटं टेकली आहेत तिथे नुसत्या बारीक बारीक रेषा! बाकीचं बोट गायब. नाही दिसलं? अजून थोडं दाबा. (पेला फोडू नका, बोलणी मला बसतील.)

दिसलं ना? मग युरोपच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र कसं चालतं, ते तुम्ही आत्ताच स्वयंपाकघरात उभं राहून बघितलंत.

व्हिसा म्हणजे परदेशात जायची परवानगी. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड असे युरोपातले २९ देश मिळून एकच व्हिसा देतात, तो शेंगेन व्हिसा. भारतात २ नोव्हेंबर २०१५ पासून हा व्हिसा मागणाऱ्याला स्वतः केंद्रावर जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि चेहऱ्याचा फोटोही. शाई नाही, हात धुणं नाही. एका हाताची चार बोटं काचेवर, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. संपलं.

पण काचेला कळतं कसं? बोटाच्या टोकाची कातडी असते नांगरलेल्या शेतासारखी. वरंबा, सरी, वरंबा, सरी. बोट टेकवलं की वरंबे काचेला चिकटतात, सऱ्यांमध्ये मात्र हवा राहते. यंत्र काचेच्या खालून तिरपा प्रकाश सोडतं. जिथे वर हवा असते तिथून तो बाहेर पडूच शकत नाही, सगळाच्या सगळा मागे फिरतो. याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन. वरंब्यापाशी मात्र तो कातडीत शिरतो आणि विखुरतो. म्हणून चित्रात सऱ्या पांढऱ्या आणि वरंबे काळे.

म्हणूनच तर पेला धरताना बोटं ओली करायला सांगितली. कोरडं बोट काचेला नीट चिकटत नाही आणि रेषा तुटक येतात. मेंदीचाही त्रास होतो. ब्रिटनच्या व्हिसाच्या सूचनांत तर बोटांच्या टोकांवर मेंदी नको, असं सांगितलेलं असतं. लग्न आटोपून लगेच लंडनला निघालेल्या करवल्यांनी काय करावं? टोकं सोडून मेंदी काढावी! आणि वर्षानुवर्षं राखेने भांडी घासलेल्या आज्या, विटा वाहणारे, शेतात राबणारे लोक, यांचे वरंबे झिजून सपाट होतात. यंत्र त्यांना पुन्हा पुन्हा बोटं ठेवायला लावतं. मला हे जरा अन्यायाचंच वाटतं. ज्यांनी हात जास्त वापरले, त्यांचेच हात यंत्राला दिसत नाहीत.

आता तुमच्या बोटाकडे बघा. आपण शंख-चक्र मोजतो ना? पण नुसत्या शंख-चक्रावरून माणूस ओळखायचा म्हटलं तर पंचाईत. जगातल्या निम्म्याहून जास्त बोटांवर शंखच असतात. कॉम्प्युटर बघतो त्याहून बारीक गोष्टी. कुठला वरंबा मध्येच संपला? कुठल्या वरंब्याला दोन फाटे फुटले? एकेका बोटावर अशा कित्येक जागा असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून या खुणांचं महत्त्व सांगितलं. आजचं यंत्रही त्याच खुणा शोधतं.

ही मांडणी होते कधी? तुम्ही आईच्या पोटात असताना! साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटाच्या टोकावर वरंबे उमटायला लागतात. एडिंबरा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवलं की ते एकदम सगळीकडे उगवत नाहीत. बोटाच्या गुबगुबीत भागाच्या मध्यावर, नखाजवळ आणि पेराच्या घडीजवळ अशा तीन ठिकाणी सुरुवात होते आणि तिथून ते लाटांनी पसरत जातात. लाटा कुठे आणि कशा भेटतात त्यावर शंख होणार की चक्र, हे ठरतं. बोटाचा आकार किंचित वेगळा, सुरुवात किंचित उशिरा, की नक्षी बदलली. त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचेसुद्धा ठसे वेगळे.

आणि काही जणांना ठसेच नसतात! २००७ मध्ये स्वित्झर्लंडची एक तरुणी अमेरिकेला निघाली होती. चेहरा पासपोर्टशी जुळला, पण बोटं अगदी गुळगुळीत. अधिकारी चक्रावले. तिच्या घरात आणखीही कित्येकांची बोटं तशीच निघाली. २०११ मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला. डॉक्टरांनी या आजाराला गमतीने नाव काय दिलं असेल? ‘इमिग्रेशनला (म्हणजे परदेशात शिरतानाच्या तपासणीला) उशीर करणारा आजार’!

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. ठसे ओळखण्याचं शास्त्र वाढलं ते बंगालमध्ये. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी निघाली. लाखो ठशांतून हवा तो पटकन कसा शोधायचा, याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र पडलं त्यांच्या साहेबाचं, हेन्री पद्धत.

आणि व्हिसासाठीच्या त्या फोटोचं काय? तो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, चेहरा समोर, तोंड मिटलेलं. हसायचं नाही! हसलं की गाल वर सरकतात, डोळे बारीक होतात, ओठांची टोकं लांब जातात. कॉम्प्युटर चेहऱ्याची ठेवण आकड्यांत मांडतो, त्याचे आकडेच बदलतात.

शेंगेनने सुरुवातीला १२ वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट दिली, फक्त फोटो घेतला. लहान बोटांची नक्षी बदलत नाही, पण बोट वाढतं तसे वरंबे एकमेकांपासून दूर सरकतात, त्यामुळे जुना ठसा जुळवणं अवघड. आपल्या आधारमध्येही पाच वर्षांखालच्या बाळांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या वर्षी घेतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. युरोपात मात्र १२ चं वय ६ वर आणणारा कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला आहे.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून कुठेही अंगठा टेकवायची वेळ आली की आईबाबांना विचारायला लावा: ठसा कशासाठी घेताय आणि किती दिवस ठेवणार? शेंगेनचं उत्तर ठरलेलं आहे: जास्तीत जास्त पाच वर्षं, मग तो पुसायचा.