पुतण्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ आणि वकिलाचा अभ्यास

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि देशातल्या फौजदारी वकिलांच्या जिभेवर बसलेले आकडे बदलले. जुन्या भारतीय दंड संहितेतलं खुनाचं ३०२ भारतीय न्याय संहितेत १०३ झालं. फसवणुकीचं ४२० कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलं. अटकपूर्व जामिनाचं जुनं ४३८ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते. आकडा तोच, अर्ज पार निराळा. ३५१ या आकड्यावर तर आज दोन गोष्टी बसल्या आहेत: न्याय संहितेत फौजदारीपात्र धमकी, आणि नागरिक सुरक्षा संहितेत न्यायालयानं आरोपीला विचारायचे प्रश्न.

आकडे पाठ करणं त्यातल्या त्यात सोपं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ नावाचं मोबाइल ॲप जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी दाखवतं. अवघड भाग असा की जुना कायदा संपलेला नाही. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. त्या दिवशी जो तपास किंवा खटला चालू होता, तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे जुन्याच प्रक्रियेनं पुढे जातो. मारहाण जूनमधली आणि तक्रार जुलैतली असेल, तर गुन्ह्याची कलमं जुनी आणि तपासाची रीत नवी, असा सूर बहुतेक उच्च न्यायालयांनी धरला. त्यामुळे आज एकाच वकिलाच्या बस्त्यात दोन्ही काळांच्या फायली आहेत आणि पुढची कितीतरी वर्षं राहतील.

मध्य प्रदेशच्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसरला, तहसीलच्या न्यायालयात रोजच्या पेशी सांभाळणाऱ्या वकिलानं हे शिकायचं कुठे आणि कसं, ते नीट पाहू. पक्षकारांनीही हे वाचावं. वकिलाच्या अभ्यासातली उणीव शेवटी त्यांच्याच निकालात उतरते.

आधी कायदा काय म्हणतो ते. आपल्याकडे सनद मिळाल्यावर पुढे शिकत राहण्याची सक्ती नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ मध्ये पदवी आणि नोंदणीच्या अटी आहेत. २०११ पासून अखिल भारतीय वकिली परीक्षा आली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती घेण्याचा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला. ही परीक्षा एकदा उत्तीर्ण झालं की संपली. त्यानंतर तीस-चाळीस वर्षं वकिलानं काय वाचलं, हे कुणी विचारत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये राज्यांच्या अधिवक्ता परिषदांच्या कामांत परिसंवाद भरवणं आणि नामवंत विधिज्ञांची व्याख्यानं ठेवणं लिहिलेलं आहे. ते परिषदेचं काम झालं, वकिलाचं बंधन नव्हे.

डॉक्टरांकडे पाहिलं की फरक कळतो. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० श्रेयांक जमवावे लागतात. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्ये वकिलांसाठी अभ्यासाचे तास सक्तीचे केले, आणि न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला आज दर दोन वर्षांत २४ तास भरावे लागतात. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरांना पूर्वी वर्षाला १६ तास भरावे लागत. २०१६ मध्ये तिथल्या नियामकानं तास मोजणं सोडलं आणि आपली उणीव ओळखून ती कशी भरून काढली, हे वकिलानंच दाखवावं असं ठरवलं. मला इंग्लंडचा मार्ग पटतो. तास भरता येतात, हजेरी लावता येते, आणि शिकणं तरीही राहून जातं. पण आपल्याकडे ना तास आहेत ना तो दाखला, ही स्थितीही बरी नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलाच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू नसल्याचं सांगितलं. गैरवर्तनाची तक्रार राज्य परिषदेकडे करता येते, पण अपुऱ्या अभ्यासामुळे पक्षकाराचा वेळ वाया गेला, तर त्याची दाद ग्राहक मंचाकडे नाही. तेव्हा अभ्यासाची व्यवस्था वकिलांनी आपणहून उभी करायला हवी.

सौंसरला ती उभी करताना दोन शहरं समोर येतात. जबलपूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालय, राज्य अधिवक्ता परिषद आणि राज्य न्यायिक अकादमी आहे. अकादमी मुख्यतः न्यायाधीशांना शिकवते, पण तिचं ‘जोति जर्नल’ वकिलांनाही तितकंच कामाचं आहे: त्यात लेख असतात, निवाड्यांच्या टिपा असतात, आणि पुष्कळ मजकूर हिंदीत असतो. नागपूर मात्र सत्तरेक किलोमीटरवर. १९३६ मध्ये स्थापन झालेलं नागपूर उच्च न्यायालय हेच एके काळी या भागाचं उच्च न्यायालय होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते जबलपूरला गेलं आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. देशभरच्या वकिलांच्या कपाटात दिसणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंडही नागपूरचेच, व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचे. नागपूरला २०१६ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. फौजदारी आणि पुराव्याच्या कायद्यासाठी सौंसरच्या वकिलानं नागपूरच्या व्याख्यानाला खुशाल जावं. हे कायदे दोन्हीकडे सारखेच आहेत.

जमिनीच्या कायद्यात तसं करून चालणार नाही. सौंसरला १९५९ ची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागते, सीमेपलीकडच्या सावनेर-काटोलला १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. इकडे खसरा आणि ऋणपुस्तिका, तिकडे सातबारा. मध्य प्रदेशच्या संहितेत २०१८ मध्ये मोठे फेरबदल झाले. शेतजमिनीच्या वापरबदलाचं जुनं कलम १७२ त्यात काढून टाकलं गेलं. जुनी प्रत उघडून त्या कलमाखाली अर्ज लिहिणारा वकील पक्षकाराचे महिने घालवतो. ज्यांची सोयरीक आणि शेती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, अशी घरं इथे पुष्कळ. अधिवक्ता कायद्याचं कलम ३० हे १५ जून २०११ पासून लागू आहे, त्यामुळे सौंसरचा वकील सावनेरलाही उभा राहू शकतो. तसं उभं राहायचं तर दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचायला हव्यात. असा अभ्यासवर्ग घ्यायला सौंसरच्या बाररूमइतकी योग्य जागा नाही. मोठ्या शहरातल्या आयोजकाला ही गरज सुचणारही नाही.

आता प्रत्यक्ष वर्ग कसा चालावा. एखादी फाईल पुढ्यात घेतली की कायदा डोक्यात बसतो, म्हणून एक कल्पित प्रकरण घेऊ. संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्यावरून दोन भावांत भांडण झालं, काठ्या निघाल्या. धाकट्याच्या मुलानं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तीन दिवसांनी थोरला भाऊ पक्षकार म्हणून वकिलाकडे आला आणि तो फॉरवर्ड झालेला व्हिडिओ दाखवू लागला.

वर्गातला पहिला प्रश्न: हा पुरावा न्यायालयात कसा जाईल? उत्तरासाठी २०१४ सालच्या जालना विधानसभा निवडणुकीकडे जावं लागतं. अर्जुन खोतकर यांचा अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा वाद कैलास गोरंट्याल यांनी नेला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण त्यात कळीचं ठरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की मूळ उपकरण न आणता त्यातल्या नोंदीची प्रत द्यायची असेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला येऊन ते दाखवत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि कुणी प्रमाणपत्र द्यायला तयार नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

दुसरा टप्पा नव्या कायद्याचा. भारतीय साक्ष्य अधिनियमात ६५-ब च्या जागी कलम ६३ आलं आणि प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा: उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय क्रमांक. ‘ब’ भाग तज्ज्ञानं भरायचा. दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवर गणित करून काढलेला अक्षरांचा आणि आकड्यांचा ठरावीक लांबीचा संकेत. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी तो पूर्ण बदलतो.

इथे वर्गातल्या प्रत्येकानं वही बंद करून मोबाइल हातात घ्यावा. एक छोटा व्हिडिओ काढायचा, त्याचं हॅश काढायचं, मग तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून शेजाऱ्याला पाठवून तिकडच्या फाइलचं हॅश काढायचं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणून दोन संकेत जुळत नाहीत. डोळ्यांना दोन्ही व्हिडिओ सारखेच दिसतात. दहा मिनिटांच्या या प्रयोगानं जे कळतं ते दोन तासांच्या भाषणानं कळत नाही. त्यातून पक्षकाराला पहिल्याच भेटीत द्यायची सूचना तयार होते: ज्या मोबाइलवर चित्रण झालं तो विकू नका, रीसेट करू नका, मूळ व्हिडिओ पुसू नका.

तिसऱ्या टप्प्यात सगळ्यांनी ‘अ’ भाग प्रत्यक्ष भरायचा आणि तो दाखल करण्याचा अर्ज हिंदीत लिहायचा. इथला पक्षकार हकीकत मराठीत सांगतो, न्यायालयाचं काम हिंदीत चालतं, निवाडे इंग्रजीत येतात. जो वर्ग इंग्रजी स्लाइड दाखवून संपतो, तो सौंसरच्या वकिलाला अर्ध्या वाटेवर सोडतो. शेवटी एक प्रश्न वादासाठी ठेवावा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५७ च्या नव्या स्पष्टीकरणांनुसार एकाच वेळी किंवा एकामागोमाग अनेक फाइलींत साठवलेली डिजिटल नोंद असेल, तर त्यातली प्रत्येक फाइल मूळ पुरावा ठरते. मग कलम ६३ चं प्रमाणपत्र नेमकं केव्हा लागतं? दोन कनिष्ठ वकिलांनी दोन बाजू मांडाव्यात, ज्येष्ठांनी न्यायाधीशासारखे प्रश्न विचारावेत.

असा वर्ग चालवायला फार पैसा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट मिळतात, आणि त्यांतल्या काहींचे हिंदी-मराठी अनुवादही. ई-फायलिंगचं प्रशिक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं वकिलांसाठी आखलेलं आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरच्या वकिलांसाठी वेगळे पाठ आहेत. ज्यांना मध्यस्थ व्हायचं आहे त्यांच्यासाठी ४० तासांचं प्रशिक्षण असतं, आणि कौटुंबिक वा धुऱ्याच्या भांडणांत रोज बुडालेल्या तहसीलच्या वकिलानं ते जरूर घ्यावं. त्यात बोलण्यापेक्षा ऐकण्याचा सराव जास्त होतो.

मोटार अपघाताच्या दाव्यांवर एक बैठक वेगळी ठेवावी. २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, सर्वोच्च न्यायालयाच्या या दोन निवाड्यांवर भरपाईचं सगळं गणित उभं आहे. कागदावर एका मृत शेतमजुराचं वय आणि उत्पन्न घेऊन प्रत्येकानं आकडा काढावा आणि मग पडताळावा. एप्रिल २०२२ पासून दावा लावण्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, हेही त्याच दिवशी सर्वांच्या डायरीत उतरावं.

राहिले पैसे घेऊन चालणारे ऑनलाइन अभ्यासक्रम. त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवणारा त्या विषयात न्यायालयात उभा राहतो का, लिहिलेला मसुदा कुणी तपासून परत देतं का, आणि मजकूर शेवटचा कधी सुधारला. प्रमाणपत्राच्या मोहानं जाऊ नये. त्यानं वकिलाला कुठलाही वाढीव अधिकार मिळत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे अमुक विषयातला विशेषज्ञ असं पाटीवर लिहायलाही मनाई आहे. ज्यात मसुदा तपासला जातो अशा महिनाभराच्या अभ्यासक्रमाला पैसे द्यावेत, आणि नुसत्या ऐकण्याच्या तासांसाठी न्यायालयांची फुकट थेट प्रक्षेपणं पाहावीत. त्यात एखाद्या अर्जावर ज्येष्ठ वकील पहिल्या दोन मिनिटांत काय सांगतो आणि काय गाळतो, हे कनिष्ठानं लिहून काढावं आणि बाररूममध्ये वाचून दाखवावं.