हात कुठे बसेल?

शेजारची मुलगी परवा वडिलांसह आली. एम.बी.बी.एस. झालेली, नीट-पीजीत गुण बरे. सर्जरीच करायची हे पक्के. एम.एस.ची तीन वर्षे कुठे, हा पेच. वडिलांना मुंबई हवी. तिच्या मनात अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय.

आम्ही बँकवाले कर्ज देताना पाटी नव्हे, उलाढाल पाहायचो. तिला म्हटले, तिथल्या निवासी डॉक्टरांनाच विचार. हर्निया, अपेंडिक्स स्वतःच्या हाताने कधी करायला मिळतात? रात्री अडले, तर वरिष्ठ शेजारी उभे राहतात का? नुसती गर्दी असून शिकवणारा नसेल, तर चुकाच अंगवळणी पडतात. मोठ्या नावाखाली नुसते बघत राहावे लागले, तर हात बसत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा किती तरी जखमींना सोलापूरपर्यंत न्यावे लागले. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते 2022 मध्ये. इमारत उभी राहते. पण अपरात्री पोट उघडायला बसलेला हातच लागतो. तो उद्या आपल्यापैकीच कुणाच्या तरी पोटावर चालणार असतो.

वडील बराच वेळ गप्प होते. मग लेकीला म्हणाले, "यादी भरण्याआधी दोन्हीकडे जाऊन येऊ."