माशांच्या पाण्यावर भाजीचा वाफा



मासे पाळलेल्या टाकीचे पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून पुन्हा टाकीत आणावयाचे, आणि एकाच पाण्यावर मासे व भाजी दोन्ही वाढवावयाची, या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. वाफ्यात माती नसते, खडी असते. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली आणि उरलेले शिक्षण युनियनच्या कचेरीत पुस्तके चाळता चाळता झाले. त्यामुळे कोणत्याही योजनेला मी प्रथम एकच प्रश्न विचारतो : यात राबतो कोण, आणि त्याची सोय काय?

आपण टाकीशी उभे राहिलो की मासे दिसतात, भाजी दिसते. मुख्य काम करणारा मात्र दिसत नाही. माशाने खाल्लेल्या खाद्यातील नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो, आणि हा अमोनिया माशांना विषच होय. खडीवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट करतात. तेही घातक असते. ते माशाच्या रक्तात शिरले की रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही, आणि भाजीला तर तेच खत.

हे काम सजीव करतात, हे पॅरिसमध्ये १८७७ साली श्लोसिंग आणि मुंट्झ या दोघांनी दाखविले. वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. पुढे थोड्या मातीचे धुवण घातल्यावर काम पुन्हा सुरू झाले. साधी रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने ती झोपी गेली नसती.

त्या वीस दिवसांतच आपल्या विषयाचे मर्म आहे. हौशी माणूस टाकी, पंप व मासे एकाच दिवशी आणतो आणि पंधरवड्यात मासे पोट वर करून तरंगू लागतात. तो दोष पंपाला देतो. खरे कारण असे, की खडीवर कामकरी अजून आलेच नव्हते. त्यांची वस्ती जमावयास साधारण ३ ते ५ आठवडे लागतात, थंडीत अधिक. तोवर दोनचारच मासे सोडावेत, खाद्य चिमटीने टाकावे, आणि शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या संचाने पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्याशी आले व नायट्रेट दिसू लागले, म्हणजे वाफा कामाला लागला. नळाचे पाणी एकदोन दिवस उघडे ठेवावे. त्यातील क्लोरीन जसा रोगजंतूंना मारतो तसा यांनाही मारतो. आपल्याकडील काळ्या दगडाची खडी धुऊन घेतली तर उत्तम. दुसरी खडी असल्यास तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे. त्याने पाण्याचा आम्लपणा जातो आणि झाडांना लोह घेता येत नाही.

आता हिशेब. मासे व पीक एकत्र घेण्याची चाल जुनीच आहे. चीनमधील चिंगत्येन येथे भातखाचरांत मासे पिढ्यान् पिढ्या वाढतात. टाकीच्या पद्धतीला शिस्त आणली ती कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर जेम्स राकोसी यांनी, १९८० नंतरच्या काळात. पाण्याची टंचाई असलेल्या त्या बेटावर त्यांनी तिलापियाबरोबर सलाड, तुळशीच्या जातीचे बेसिल आणि आपली भेंडीसुद्धा काढली. वाफा किती मोठा हवा, हे माशांना रोज किती खाद्य पडते यावर ठरवावे, असा त्यांचा हिशेब होता. घरगुती मानाने पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरते. म्हणजे वर्षाला सुमारे १५ ते १८ किलो खाद्य विकत आणावे लागेल आणि त्यातून फार तर साताठ ते दहा किलो मासे मिळतील. शिवाय विजेचे बिल. यात धान्य नाही, डाळ नाही. कुटुंबाची भूक यावर भागेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. रोजचा ताजा पाला, पुदिना आणि महिन्याकाठी एकदा माशाचे कालवण, एवढी ही मिळकत. मात्र पाणी फिरून फिरून तेच वापरले जाते, ही बचत खरी आहे.

दोन धोके सांगितलेच पाहिजेत. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि फूटभर खोल खडीचा एक चौरस मीटर वाफा म्हणजे आणखी अर्धा टन. गच्चीवर मांडण्यापूर्वी स्लॅब तेवढा भार पेलेल काय, हे इंजिनियरला विचारावे. दुसरा धोका विजेचा. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी. पंप बंद पडला तर दाटीने ठेवलेले मासे काही तासांत गुदमरतात. बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, पाळावयाची तर सरकारी परवानगीचे नियम आहेत. मत्स्यव्यवसाय खात्यात आधी चौकशी करावी. आणि भाजीवर कीड पडली तरी औषध फवारू नये. ते थेट माशांच्या पोटात जाते.

म्हणून माझी सूचना अशी, की एकट्याने हा उद्योग मांडू नये. सणाला गावी गेलेल्या कुटुंबाची टाकी कोण पाहणार? चाळीतील किंवा सोसायटीतील चार घरांनी मिळून तळमजल्याच्या अंगणात एक टाकी घ्यावी, खाद्याची व तपासणीची पाळी लावावी, बॅटरीचा खर्च वाटून घ्यावा आणि भाजीही वाटून घ्यावी. पहिला महिना कोणी घाई करू नये. न दिसणाऱ्या कामकऱ्याला अवधी दिला नाही तर दिसणारे काहीच उभे राहत नाही, हे आम्ही गिरण्यांत शिकलो. टाकीलाही तोच नियम लागू आहे.